सभासदांची यादी : बंधुमंडळांची मूल्ये आणि महाराष्ट्राचा अनुभव

रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनी ठरवून एकत्र यावे, प्रवेशाच्या वेळी काही वचन द्यावे, ठरलेली वर्गणी भरावी आणि एकमेकांशी भावाप्रमाणे वागण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे, अशा संघटनेला प्रस्तुत व्याख्यानात ‘बंधुमंडळ’ म्हटले आहे. जात आणि कूळ माणसाला जन्माबरोबर मिळतात, त्यांत निवडीला जागा नसते. बंधुमंडळात मात्र माणूस स्वतःच्या इच्छेने जातो, आणि म्हणूनच तेथे गेल्याने काय साधते, हा प्रश्न त्याला विचारता येतो. सभासदाला मिळणारा आधार, ओळख आणि प्रतिष्ठा हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील महाराष्ट्रात अशी जी मंडळे उभी राहिली, त्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, जे कृत्य करण्याचे धैर्य एकट्या माणसाला होत नाही ते चारचौघांत उघडपणे करण्याचे बळ मंडळाने सभासदाला दिले की नाही, यावरच त्याचे मोल ठरले. हे विधान तपासण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे : मंडळाच्या सभासदांची यादी भर चौकात वाचून दाखवता येईल काय?

युरोपातील पूर्वपीठिका

आधुनिक अर्थाने बंधुमंडळांची वाढ प्रामुख्याने ब्रिटनमध्ये झाली, आणि तेथे तिचे दोन प्रवाह दिसतात. पहिला फ्रीमेसन या संघटनेचा. 1717 साली लंडनमध्ये तिचे केंद्रीय मंडळ स्थापन झाले, आणि दीक्षाविधी, खुणा व गुप्ततेची शपथ ही तिची ठळक अंगे होती. दुसरा प्रवाह ‘फ्रेंडली सोसायटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परस्पर साहाय्य मंडळांचा. कारागीर आणि मजूर दर आठवड्याला थोडी वर्गणी जमा करीत, आणि सभासद आजारी पडला तर त्याला भत्ता, वारला तर अंत्यविधीचा खर्च त्या निधीतून मिळे. 1793 साली ब्रिटिश पार्लमेंटने अशा मंडळांसाठी कायदा केला. मँचेस्टरच्या ऑडफेलोज या मंडळासारख्या संघटना पुढे फार मोठ्या झाल्या, आणि 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने याच मंडळांमार्फत कामगारांना लाभ देण्याची व्यवस्था केली. फ्रीमेसनमध्ये दीक्षेला महत्त्व होते आणि फ्रेंडली सोसायटीत निधीला. तरी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या माणसांना एका शिस्तीत बसवणे हे दोन्हींचे काम होते.

मुंबईत फ्रीमेसनची मंडळे आरंभी युरोपीय अधिकारी व व्यापारी यांचीच होती. 1843 साली जेम्स बर्न्स या डॉक्टरांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे मंडळ एतद्देशीयांना प्रवेश मिळावा या हेतूने स्थापन झाले, आणि माणकजी खरसेटजींसारखे पारशी गृहस्थ त्यात आले. जेता आणि जित एका टेबलाशी बसले ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण ते बसणे बंद दाराआडचे होते, आणि दाराबाहेर दोघांच्या दर्जांत त्यामुळे फरक पडला असे म्हणता येत नाही.

परमहंस सभा : गुप्ततेचे बळ आणि मर्यादा

याच दशकात मराठी माणसांनी आपले पहिले महत्त्वाचे बंधुमंडळ उभारले. दादोबा पांडुरंग तर्खडकर 1844 मध्ये सुरतेला असताना दुर्गाराम मेहताजी यांच्यासह मानवधर्म सभेच्या कार्यात होते. मुंबईस परतल्यावर 1849 च्या सुमारास त्यांच्या विचारांवर आधारलेली परमहंस सभा येथे स्थापन झाली, आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे प्रमुख झाले. ईश्वर एक आहे, मूर्तिपूजा नको आणि जातिभेद मानू नये, ही सभेची तत्त्वे होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला ती मान्य असल्याचे तोंडाने सांगून भागत नसे. त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे, अशी प्रवेशाची रीत होती.

या पावाच्या तुकड्याचे वजन आजच्या वाचकाला सहज कळणार नाही. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण 1843 मध्ये ख्रिस्ती झाला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हा काही काळ मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने श्रीपतीला वडिलांच्या स्वाधीन केले, त्याने धर्मांतर केलेले नव्हते, तरीही परक्याच्या घरचे अन्न पोटात गेल्यामुळे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे रणकंदन झाले. त्याची बाजू घेणारे बाळशास्त्री जांभेकर यांनाही सनातन्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. ग्रामण्य, म्हणजे जातिनियम मोडणाऱ्याविरुद्ध जातीने चालवलेली चौकशी आणि तिच्या शेवटी पडणारा बहिष्कार, हे शस्त्र किती धारदार होते हे यावरून दिसते. बहिष्कृत माणसाच्या घरी भटजी येत नसे, त्याच्या मुलीचे लग्न जमत नसे आणि घरात मर्तिक झाले तर खांदा द्यायला माणूस मिळत नसे. अशा काळात पाव खाऊन सभासद होणे म्हणजे स्वतःचे सारे सामाजिक अस्तित्व सोबतच्या माणसांच्या मुठीत ठेवणे होते. आणि सर्वांनीच ते ठेवलेले असल्यामुळे त्यांच्यात जो विश्वास निर्माण होई, तो निव्वळ व्याख्याने ऐकून निर्माण झाला नसता.

म्हणून परमहंस सभेच्या गुप्ततेला सरसकट भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तिने तरुणांना एक जागा दिली, जेथे ते शंका बोलून दाखवू शकत होते आणि मराठीत प्रार्थना करू शकत होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तारुण्यात या सभेच्या वर्तुळात होते, बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्यापूर्वी तिच्यात होते, आणि पुणे, अहमदनगर अशा ठिकाणी तिचे धागे पोहोचले होते. परंतु पुरेसे संख्याबळ जमल्यावरच उघड व्हायचे, या भरवशावर सभा चालली होती. तो दिवस उजाडलाच नाही. 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि सभा विखुरली. कोणी तिच्या तत्त्वांचे खंडन केले नव्हते. नावे लोकांना कळली, एवढ्यानेच ती संपली. तत्त्व खोटे होते असा याचा अर्थ होत नाही. तत्त्वाबरोबर जगण्याची जी व्यवस्था लागते, म्हणजे बहिष्कार पडल्यास लग्नकार्य कोणी करायचे, मुलांना घर कोणी द्यायचे, मर्तिकाला कोणी यायचे, ती व्यवस्था सभेने उभी केली नव्हती. तिने सभासदाला आसरा दिला, पण आसऱ्याबाहेर उभे राहण्याची तयारी करून दिली नाही.

31 मार्च 1867 रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने या अनुभवातून धडा घेतला आणि उपासना उघडपणे सुरू केली; मात्र जातीचे आचार सोडण्याची अट सभासदावर घातली नाही. उघडेपणा मिळवताना वचन सैल झाले, आणि या तडजोडीची किंमत पुढे दिसून आली. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या समारंभात शहरातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, आणि नंतर हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांकडून चौकशी झाली, आणि प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ असलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही अखेर 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. परमहंस सभेनंतर तीस वर्षांनीही छापलेल्या नावांची यादी हे विरोधकांच्याच हातचे हत्यार राहिले होते. यादी विरोधकाने छापण्याआधी जे मंडळ ती स्वतः छापते, त्याच्याविरुद्ध हे हत्यार चालत नाही.

सत्यशोधक समाज : उघडी शपथ आणि पर्यायी व्यवस्था

जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे वेगळेपण येथेच आहे. त्याच्या सभासदांनीही शपथ घेतली, परंतु ती घेण्याची रीत बहुजनांच्या रोजच्या धर्माचारातून उचललेली होती. खंडोबाच्या भक्तांत तळी उचलण्याची चाल आहे. ताम्हनात बेल आणि भंडारा, म्हणजे हळदीची पूड, ठेवून चारपाच जणांनी मिळून ते वर उचलायचे आणि देवाचा जयजयकार करायचा, असा तो विधी. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द गावगाड्यात मोडता येत नाही. ज्या माणसाने कधी सभा-संमेलन पाहिले नव्हते, त्यालाही या शपथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. सर्व माणसे एकाच निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, लेकरे असल्याने परस्परांची भावंडे आहेत, देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ नको, आणि मुलांप्रमाणे मुलींनाही शिक्षण दिले पाहिजे, हा समाजाच्या शिकवणीचा गाभा होता.

परमहंस सभेने जे केले नव्हते ते सत्यशोधकांनी पहिल्याच वर्षी केले. भटजीवाचून लग्न लावायचे तर लग्न लावणारी माणसे, मंगलाष्टके, पाहुणे आणि खर्चाची तजवीज या सर्वांची सोय हवी. 25 डिसेंबर 1873 रोजी ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह झाला, आणि पुढे जोतीरावांनी समाजाच्या पूजाविधीचे व मंगलाष्टकांचे पुस्तकच 1887 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील वधू वराला स्त्रियांच्या हक्कांविषयी प्रश्न विचारते आणि त्याच्याकडून वचन घेते. बहिष्काराचे भय लग्न, बारसे, तेरावा अशा घरगुती प्रसंगांतून घराघरांत शिरते, हे ओळखून समाजाने त्याच प्रसंगांना हात घातला. सभासदाचे नाव कळले तरी आता त्याला भ्यायचे कारण कमी उरले, कारण त्याच्या मुलीचे लग्न लावायला चार भाऊ हजर होते. समाजाने अहवाल छापले, वर्गणी-देणग्यांचे हिशेब मांडले, आणि सभासदांनी वृत्तपत्र चालवले; कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले. 1876-77 च्या दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रे आणि पोरक्या मुलांच्या निवाऱ्याचे काम केले, ज्यात सावित्रीबाई फुले यांचा मोठा वाटा होता. आणि लोखंड्यांनी मुंबईतील गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली. सभासदांनी एकमेकांना द्यायचा आधार येथे सभासद नसलेल्यांपर्यंतही पोहोचला.

आजीव सेवक आणि सात प्रतिज्ञा

याच काळात पुण्यात बंधुमंडळाचा आणखी एक प्रकार आकाराला आला, ज्यात प्रवेशाची किंमत पैशांत मोजता येत होती. 1880 साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधून 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निर्माण झाली. तिच्या आजीव सभासदांनी ठरावीक वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, अशी तिची घडण होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे महिना 75 रुपयांवर सुमारे दोन दशके काम केले. सारे समान त्याग करीत आहेत ही भावना या बंधुत्वाचा पाया होती, आणि तो पाया नेमका किती खोल आहे याची परीक्षा लवकरच झाली. सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कमाई करू नये, असा बाळ गंगाधर टिळकांचा आग्रह होता. गोपाळ गणेश आगरकर आणि इतर सहकारी वेतनात प्रसंगी वाढ आणि बाहेरच्या कामाची मोकळीक असावी या मताचे होते. होळकरांकडून मिळालेल्या देणगीची रक्कम, गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेचे चिटणीसपद स्वीकारणे, अशा एकेका निमित्ताने वाद वाढत गेला आणि 1890 च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. दोन्ही बाजूंची माणसे निःस्वार्थी होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बंधुत्व मोडायला स्वार्थच लागतो असे नाही. वचनाची मर्यादा आरंभीच स्पष्ट लिहिलेली नसेल तर प्रामाणिक माणसेही एकमेकांवर वचनभंगाचा आळ घेतात.

12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, स्थापन करताना गोखल्यांनी वचनाची मर्यादा अत्यंत काटेकोरपणे आखली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे आरंभीचे सहकारी होते. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देश हाच विचारांत अग्रस्थानी राहील आणि जे उत्तम असेल ते देशाला देऊ; सेवेतून स्वतःचा लाभ शोधणार नाही; जात वा धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानू; समाज जी तरतूद करील तीवर कुटुंबासह संतुष्ट राहू आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही; खासगी आयुष्य निर्मळ ठेवू; कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही; आणि समाजाची उद्दिष्टे सतत डोळ्यांपुढे ठेवू, असा त्यांचा आशय होता. पाच वर्षांचे शिक्षण, त्यात अभ्यास आणि देशभर प्रवास, हे पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण सभासदत्व मिळत नसे. वैयक्तिक भांडण न करण्याची सहावी प्रतिज्ञा वाचताना पंधरा वर्षांपूर्वीच्या वादाची आठवण होते, आणि चौथी प्रतिज्ञा तर त्या वादातील आर्थिक प्रश्न आधीच निकालात काढते.

समाजाचे सभासद नेहमीच थोडे होते, पण त्यांच्या कामाचा विस्तार पाहिला म्हणजे शिस्तीचे फळ दिसते. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्याबरोबर 1909 मध्ये पुणे सेवासदन उभे केले. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत पुढाकार घेतला. अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबाप्पा यांनी दाहोदच्या भिल्लांत काम केले. या प्रत्येकाने काढलेली संस्था भारत सेवक समाजाच्या सभासदांपेक्षा कितीतरी अधिक आणि वेगळ्या थरांतल्या माणसांसाठी होती. मात्र याच शिस्तीला एक कठीण बाजूही होती. 1915 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना समाजात घ्यावे असे गोखल्यांच्या मनात होते. सभासदांना मात्र त्यांच्या कार्यपद्धतीशी आपले जमेल अशी खात्री वाटेना. फेब्रुवारीत गोखले वारले, आणि समाजात फूट पडू नये म्हणून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. मनांची एकवाक्यता ही बंधुमंडळाची शक्ती असते, आणि वेगळ्या रीतीने विचार करणाऱ्या मोठ्या माणसाला ती दाराबाहेर ठेवू शकते, हे दोन्ही या प्रसंगात एकत्र दिसते.

गुप्त पाव आणि उघडे जेवण

सत्यशोधक चळवळीत वाढलेल्या भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व घरांतील मुले एका पंगतीत जेवत, आणि स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे आळीपाळीने करीत. पैशांची चणचण झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. मुंबईत 1850 च्या सुमारास सुशिक्षित तरुण दार लावून पावाचा जो तुकडा खात होते, तेच कृत्य साताऱ्यात पाऊणशे वर्षांनी खेड्यातली पोरे रोज दोन वेळा उघड्यावर करीत होती, आणि त्यासाठी त्यांना शपथही घ्यावी लागत नव्हती. बंधुमंडळाचे अंतिम कार्य यशस्वी झाले म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे अवघड आहे : मूठभरांनी जिवावर उदार होऊन केलेली गोष्ट सर्वांच्या सवयीची होते.

उलट दिशेची वाटचालही याच काळात झाली. शहरांत नोकरीला आलेल्या जातींनी आपापल्या सभा, वसतिगृहे आणि निधी उभे केले. त्यांतून गरीब मुलांची शिक्षणे झाली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या मंडळात प्रवेश जन्माने मिळतो, तेथे सभासदाला काहीही सोडावे लागत नाही, आणि म्हणून तेथे बंधुत्वाची भाषा असली तरी बंधुत्वाची परीक्षा होत नाही. अशा मंडळाची यादी कितीही उघडी असली तरी ती आधीपासून माहीत असलेल्या नातेसंबंधांचीच नोंद असते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहांना साहाय्य केले ते वंचितांना पायावर उभे करण्यासाठी. भाऊरावांनी पुढे एक पंगत मांडली ती त्या पायावर पुढची पायरी म्हणून. पहिल्या पायरीवरच कायमचे थांबणे हा या परंपरेचा विपर्यास होय.

बंधुतेचा विस्तार

भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीने उद्देशिकेत ‘बंधुता’ हे तत्त्व समाविष्ट केले. घटना समितीने आधी संमत केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात त्याचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. देशात बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती, अशा आशयाचे कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 21 फेब्रुवारी 1948 च्या पत्रात दिले. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत असे सांगितले आणि जाती या बंधुतेला छेद देणाऱ्या आहेत हे स्पष्ट केले. घटनेच्या दृष्टीने प्रत्येक नागरिक हा एका फार मोठ्या बंधुमंडळाचा सभासद आहे. मात्र त्यात बहुतेकांना प्रवेश जन्मानेच मिळतो, कोणी बेलभंडारा उचललेला नसतो, कोणी सात प्रतिज्ञा घेतलेल्या नसतात. म्हणून एवढे मोठे बंधुत्व केवळ कायद्याने अंगवळणी पडत नाही, आणि नेमक्या याच कारणाने लहान, स्वेच्छेची मंडळे अजूनही आवश्यक ठरतात. ती माणसाला वचन देण्याची, हिशेब दाखवण्याची, मतभेद असूनही एकत्र काम करण्याची आणि परक्याच्या पंगतीत बसण्याची सवय लावतात.

ज्या मंडळाला नव्या सभासदाकडून काहीच मागायचे नाही, ते लवकरच सत्कार आणि स्नेहभोजनांपुरते उरते. ज्या मंडळाने मागितले ते झाकून ठेवले, ते उघड होण्याच्या पहिल्या धक्क्याला मोडते. आणि जे मंडळ सभासदांची नावे, त्यांची वचने आणि पै-पैचा हिशेब लोकांपुढे ठेवते व लोकांनी त्याबद्दल जाब विचारला तर उत्तर देते, त्याचे सभासदत्व हे नागरिकत्वाचे शिक्षण ठरते. कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेत पत्रकावर आपले नाव लिहिताना हा निकष लावणे प्रत्येक सभासदाला शक्य आहे, आणि तो लावणे हेच सभासदाचे पहिले कर्तव्य आहे.